सरांच्या गिटारीचा आवाज

चहा संपेपर्यंत हसायचं नाय, एवढं आधी कबूल करा. कारण मी माती खाल्ली ती वर्षश्राद्धाच्या दिवशी, आणि तेही माझ्याच गुरूच्या.

मुळे सर आमच्या छावणी भागातले. सरकारी नोकरी सांभाळून संध्याकाळी घरी गिटार शिकवायचे. मी गंगापूरचा, घरात नुसता ऊस आणि कापूस. शहरात नोकरीला आलो आणि कुठून तरी गिटारीचं वेड लागलं. सरांनी पदरात घेतलं. मी वाजवायला लागलो की सर डोळे मिटून घ्यायचे. बाकीच्यांच्या वेळी उघड्या डोळ्यांनी चुका काढायचे, माझ्या वेळी मात्र तल्लीन. मला त्याचा लई अभिमान.

सर गेले. त्यांची गिटार लेकीनं आठवण म्हणून परदेशी नेली. वर्ष भरत आलं तेव्हा काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, म्हणाल्या, "संजय, एकदा त्या गिटारीचा आवाज ऐकव रे. घर फार मुकं झालंय."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि तोंडातून फुशारकी निघाली. म्हणालो, हुबेहूब ऐकवतो. कारण मी नुकतीच मॉडेलिंग गिटार घेतली होती.

म्हणजे काय, तर लाकूड, तारा सगळं नेहमीचंच. पण तारा खाली जिथं टेकतात, तिथं प्रत्येक तारेचं थरथरणं टिपायची सोय. आत इवलासा कॉम्प्युटर. तो त्या थरथरीला हव्या त्या गिटारीचा आवाज चढवतो आणि स्पीकरमधून सोडतो. बटण फिरवलं की जुनी गिटार, आणखी फिरवलं की बारा तारांची, शेवटाला बँजो. काकूंच्या गळ्याला जमावं म्हणून सर तारा दोन सूर उतरवून लावायचे. तर त्यालाही बटण! तारांना हातसुद्धा लावायचा नाय.

घरी हेडफोन लावून जोरात रियाज केला. सुनीता, म्हणजे आमची बायको, म्हणाली, एकदा ते कानातलं काढून वाजवा, बाहेर काहीतरी वेगळंच ऐकू येतंय. तिला संगीतातलं कळत नाय, असं मी तिला शांतपणे समजावलं.

श्राद्धाचं जेवण झालं. बैठकीत सतरंजी, भिंतीला सरांचा हार घातलेला फोटो. मागच्यांना नीट ऐकू यावं म्हणून स्पीकर मी पार बाहेर, ओसरीवर ठेवला. काकू माझ्या शेजारी, हातभर अंतरावर. त्यांनी सरांच्या आवडीचं भजन धरलं.

आता बघा. स्पीकरमधून सूर खाली आला, पण माझ्या बोटांखालच्या तारा कुठं उतरल्या होत्या? त्या आपल्या मूळ सुरातच वाजत होत्या, आणि काकूंच्या कानाशी त्याच. काकू वरच्या सुरात गेल्या. ओसरीवरच्या मंडळींनी स्पीकर ऐकून खालचा सूर धरला. आत एक भजन, बाहेर एक भजन, मधे मी घामाघूम. काकूंचा आवाज चिरकला आणि त्या गप्प झाल्या. मी घाबरून आवाज वाढवायला गेलो, तर भलतंच बटण फिरलं. श्राद्धाच्या घरात बँजो! काकूंचे भाऊ सुपारी कातरता कातरता थांबले. तेवढ्यात चार्जिंग संपलं, आणि खरं सांगतो, सगळ्यांना बरं वाटलं.

तुमच्यापैकी कुणी घेणार असेल तर ऐका. दुकानात हेडफोन काढून वाजवून बघा. बॅटरी किती टिकते ते विचारा. आणि कंपनीनं ज्या गिटारी आत भरल्यात, त्यांचाच आवाज येतो. आपल्या माणसाची त्यात नसते. हे मला तिथं सतरंजीवर बसल्यावर कळलं.

मी गिटार खाली ठेवली. मला रडूच आलं. म्हणालो, काकू, माफ करा, सरांच्या गिटारीचा आवाज काही आला नाही.

काकूंनी पदर तोंडाला लावला होता. खांदे हलत होते. मला वाटलं रडताहेत. पण त्या हसत होत्या, वर्षभरात पहिल्यांदा.

"गिटारीचा नाही आला," त्या म्हणाल्या, "पण तू वाजवत होतास तेव्हा मी डोळे मिटले, आणि मला ह्यांची फार आठवण आली. हेही अस्सेच मिटायचे."

मी भारावून म्हणालो, "तल्लीन होऊन."

"नाही रे. मला म्हणायचे, संजय मनाचा फार चांगला आहे, त्याला तोंडावर कसं बोलू? तो वाजवायला लागला की मी आपला डोळे मिटून देवाचं नाव घेतो."