मोहरीएवढी गोळी

बाईंनी व्हरांड्यात चटई अंथरायला सांगितली. तिच्यावर दोन पोरं निजवायला लावली. एक त्यांचा बाळ, दुसरी माझी साळू. दोघं एकाच महिन्यात जन्मलेली. मुंबईहून आलेल्या पाहुण्या खुर्च्यांवर बसून चहा पीत होत्या. बाईंनी चांदीचा खुळखुळा आधी बाळासमोर वाजवला. त्यानं हात मारला, पाय झाडले, खिदळला. मग तोच खुळखुळा साळूसमोर. साळूनं अर्धे डोळे उघडले आणि पुन्हा मिटून घेतले.

"बघा," बाई म्हणाल्या. "दूध एकाच बाईचं. पण रक्त शेवटी रक्तच."

पाहुण्या हसल्या. एक म्हणाली, "या लोकांची पोरं अशीच गं. ओंडका नुसता." मी खांबाशी उभी होते. माझ्याच पोरीची मला लाज वाटली. मी तिला उचललं आणि मागं नेलं.

मी डोंगरातली. मळवलीच्या वर आमची वाडी. बाळंतपणात बाईंचं दूध आटलं, म्हणून त्यांचा माळी ओली बाळंतीण शोधत वाड्या-वाड्या फिरत आला होता. आमच्या घरातला भात संपला होता. साळूचा बाप म्हणाला, जा. गेले. लोणावळ्याच्या त्या बंगल्यात माझं दूध चालायचं, पण पाण्याच्या घागरीला माझा हात चालत नव्हता. आधी बाळानं प्यायचं, उरलं तर साळूनं. तिची झोळी सैपाकघरामागं, लाकडं ठेवायच्या पडवीत. ती रडली की बाळाची झोप मोडायची. म्हणून बाईंनी माझ्या हातात एक पत्र्याची डबी दिली. बाळगोळ्यांची.

ती गोळी मला नवी नव्हती. लावणीच्या दिवसांत आमच्या बायका तान्ह्या पोरांना मोहरीएवढी चाटवायच्या, बांधावर निजवायच्या आणि चिखलात उतरायच्या. आईनं मलाही दिली असेल. पण वाडीत ती लावणीपुरती. बंगल्यात रोजची, सकाळी आणि दुपारी. "दिली का तिला?" बाई आठवणीनं विचारायच्या. मला वाटायचं, केवढी काळजी या माउलीला.

पाहुण्या होत्या तोवरच बाळाला दात यायला लागले. पोर नुसतं किंचाळत होतं. खांद्यावर घेतलं, बागेत फिरवलं, छातीशी लावलं. ऐकेना. आतून बाई ओरडल्या, "गप्प कर त्याला!" रडणारं पोर गप्प करायचं औषध मला त्या घरानंच शिकवलं होतं. मी डबी उघडली. गोळी दुधाच्या थेंबात कालवली आणि बोट त्याच्या तोंडाशी नेलं.

फाडकन कानाखाली बसली.

"अफू आहे ती! माझ्या मुलाचं डोकं बधिर करायचंय तुला?"

मला खरंच कळेना. मी म्हणाले, "साळूला तर रोज देतो की, बाई."

"तिला काय करायचंय डोकं?"

एवढंच बोलल्या. रागानंही नाही. दूध उतू गेलं म्हणावं, एवढं सहज.

तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे ठाऊक होतं. खुळखुळा वाजवताना ठाऊक होतं. पोर का डोळे उघडत नाही, हे त्या चटईभोवती त्या एकट्या बाईला ठाऊक होतं, आणि तिनं चारचौघींत माझ्या रक्ताला नावं ठेवली. मला सांगितलं असतं तर? पण माझी पोर जागी राहिली असती तर माझं दूध वाटून गेलं असतं.

मी बाळाला चटईवर ठेवलं. त्याच्यावर माझा राग नव्हता, आजही नाही. डबी मोरीत ओतली. साळूला झोळीसकट पाठीशी बांधलं.

"कुठं निघालीस? बाळाच्या दुधाची वेळ झाली."

"माज्या पोरीचीबी झालीया."

रुळाच्या कडेकडेनं मळवलीपर्यंत चालत आले. वाटेत आंब्याखाली बसून तिला पाजायला घेतलं. छाती भरून दुखत होती आणि पोरीला ओढायचं भान नव्हतं. तेव्हा मी रडले. मोठ्यानं, शिव्या देत.

पुढचे दिवस वाईट गेले. अफूची सवय सुटेना. साळू ताठ व्हायची, घामानं भिजायची, रडून निळी पडायची. शेजारची सखूमावशी म्हणाली, "द्ये की येकादी गोळी. कशाला छळतीस लेकराला?"

"रडू दे मावशी. जागी हाय म्हनून रडती."

बाकीची पोरं रांगायला लागली तेव्हा ती कुठं बसायला लागली. ती चालली तेव्हा बाकीची पळत होती. मी तिला पाठीवरून उतरवलंच नाही. रानात, पाण्यावर, सगळीकडं नेलं आणि सारखं बोलत राहिले. ही करवंदी. हा मुंगळा. ही गाडी चालली पुण्याला. लोक म्हणाले, बाईला याड लागलंय. लागलं होतं.

आता ती परकर सोडून लुगडं नेसायच्या वयाची झाली. खालच्या गावात शाळेत जाते. बोलताना अडखळते. मास्तर म्हणतात, हिला एकदा सांगून भागत नाही, दोनदा सांगावं लागतं. मी म्हणते, सांगा दोनदा. जे गेलं ते भरून आलेलं नाही. येणारही नाही.

परवा तोच माळी पुन्हा डोंगर चढून आला. म्हातारा झालाय. बाईंची थोरली सून बाळंत झाली, दूध नाही. सखूमावशीची सून ओली बाळंतीण आहे, हे त्याला कुठून तरी कळलं होतं. "बाई म्हनल्यात, तिचं पोरगं हितंच ठिवा. न्हाईतर सोबत आना, त्याला निजवायची सोय हाय," तो म्हणाला.

सोय. माझ्या कानात तो खुळखुळा वाजला. सखूमावशीची सून माझ्याकडं बघत होती. तिच्या घरातही भात संपत आला होता, मला दिसत होतं. साळू दारात उभी होती.

मी म्हणाले, "बाईंना सांग भाऊ. येका मांडीवर तुमचं, येका मांडीवर हिचं. दोगंबी पोटभर पितील आन् दोगंबी जागी ऱ्हातील. मी सोता तितं येऊन बसनार. गोळीची डबी दिसली, का मावशीची सून परत. जमत न्हाई म्हनल्या, तर या डोंगरातल्या येकाबी वाडीतनं येक थेंब खाली येनार न्हाई. आदी मी समद्या वाड्या फिरते, मग तू फिर."

माळी डोंगर उतरू लागला. येताना पाणी आणायला मी साळूच्या हातात घागर दिली, दाराला कडी घातली आणि दोघी पलीकडच्या वाडीच्या वाटेला लागलो.