त्रयोदशीची बोट

देवाशी माझं बोलणं आठ वर्षं बंद होतं. नवऱ्याशी अबोला धरला तर तो दोन दिवसांत मोडतो, कारण संध्याकाळी काय रांधू हे तरी विचारावं लागतं. देवाला काही विचारावं लागत नाही, त्यामुळे हा अबोला चांगला लांबला. कारणही तसंच होतं. मुक्ताईच्या यात्रेत जेवणावळ असायची, त्यासाठी आमच्या जळगावच्या घराच्या गच्चीवर मी उडदाचे पापड वाळत घालत होते. मागं सरता सरता पाय कठड्याबाहेर गेला आणि मी अंगणात पडले. जीव वाचला, पण कंबरेखालचं सगळं गेलं. तेव्हा मी एकतीस वर्षांची होते. घरातले सगळे मुक्ताईनं वाचवलं म्हणून हात जोडत होते, आणि मी पडल्या पडल्या मनात म्हणत होते, बाई गं, तुझ्याच कामाला वर चढले होते, तुला तेवढा पाय धरता आला नाही का?

पुढच्या वर्षी मला यात्रेला न्यायचंच असं सगळ्यांनी ठरवलं. मुक्ताईच्या देवळापाशी, एदलाबादच्या त्या गर्दीत, माझ्या भावानं आणि आणखी तिघांनी मला चाकांच्या खुर्चीसकट खांद्यावर घेतलं. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, सरका सरका, पालखी येतेय, आणि आजूबाजूचे खदखदून हसले. मीही हसले. न हसून सांगते कुणाला? पण परतताना बैलगाडीत पदर तोंडात कोंबून रडले आणि शपथ घेतली, आता परक्या हातांनी मला उचलायचं नाही. आमच्या यांचे हात तेवढे चालतील. यांना एकट्याला जिथं नेता येणार नाही तिथं जायचंच नाही. त्यानंतर मी कुठं गेले म्हणाल, तर दवाखाना, आणि धुळ्याला नणंदेकडे, बस्स.

धुळ्याच्या या नणंदेला आम्ही सगळे अक्का म्हणतो. तिचा मोठा मुलगा मुंबईत नोकरीला. एका दिवाळीत तो धुळ्याला आला तो गोव्याची बोट करून आलेला. गोवा स्वतंत्र होऊन पाच-सहा वर्षं झाली होती आणि मुंबईहून पणजीला बोटीनं जाण्याचं लोकांना भारी अप्रूप होतं. तो सांगत होता, सकाळी दहाला बोट सुटते, दुसऱ्या दिवशी उजाडता पणजी, आणि मधला सारा वेळ डेकवर नुसतं बसून राहायचं. नुसतं बसून! मी फराळाचं ताट बाजूला ठेवलं. बसून राहण्यात माझा हात धरणारं साऱ्या खानदेशात कुणी नव्हतं. आणि समुद्र मी जन्मात पाहिला नव्हता. तापीला आलेला पूर हेच माझ्या लेखी सर्वांत मोठं पाणी. त्या दिवशी मी ठरवलं की या बोटीत बसायचं, आणि कुणाच्या खांद्यावर न चढता बसायचं. अक्कानं विचारलं तेव्हा मंगेशीचं दर्शन घ्यायचंय असं सांगितलं. खरं सांगते, देवाचं नुसतं निमित्त होतं. मला मजा करायला जायचं होतं, आणि अपंग बाईनं मजेला जायचं म्हटलं की लोकांचे चेहरे कसे होतात ते मला ठाऊक होतं.

मग सुरू झाली आमची तयारी. बोटीच्या कचेरीला यांनी सुरेख अक्षरात पत्र लिहिलं. उत्तर आलं की अशा प्रवाशांसाठी वेगळी व्यवस्था नाही, स्वतःच्या जबाबदारीवर यावे. हे म्हणाले, या म्हणालेत ना, झालं तर. रेल्वेची अडचण नव्हती. तीन पायऱ्या, तेवढं हे मला उचलून नेत. पण बोटीवर चढायचा लाकडी पूल लांब, डगमगता, गर्दीचा, आणि यांची पन्नाशीतली कंबर आधीच कुरकुरणारी. तिथं खुर्ची चाकांवरच जायला हवी होती. भाच्याला लिहिलं की धक्क्यावर जा आणि माप घेऊन कळव. तो गुणी मुलगा रविवारी दुपारी जेवण टाकून गेला, आणि पत्रात चित्र काढून पाठवलं. धक्का आणि बोटीचं दार जवळजवळ एका पातळीत, चढ असेल हातभर. पुलावर आडव्या पट्ट्या ठोकलेल्या आहेत, तेवढ्यांवर फळी टाकली की चाकं अडायची नाहीत.

आमच्या गल्लीतल्या सुतारआबांनी सागाची फळी केली. दोन तुकडे, मध्ये बिजागरी, दोन्ही कडांना चाक घसरू नये म्हणून पट्टी. मग आमच्या ओट्यावरून अंगणात ती फळी लावून रोज सकाळी सराव. हे मागून ढकलायचे, आबा पुढं उभे राहून हुकूम सोडायचे, आणि गल्लीतल्या बाया धुणं सोडून बघायला यायच्या. एकदा यांचा हात सुटला आणि मी थेट शेजारच्या म्हशीच्या कडब्यात. म्हैस माझ्याकडे बघत राहिली आणि मी तिच्याकडे. हे धावत आले तर मी पोट धरून हसतेय. आठ वर्षांत मी एवढी हसले नव्हते, हे मला नंतर हे म्हणाले तेव्हा कळलं.

दिवस अक्कानं काढून दिला. तिचं पंचांगाशिवाय पान हलत नाही. “मुहूर्त पाहीसन निंघ माय, पंचांग काय खोटं शे का?” असं म्हणत तिनं माघातली शुद्ध षष्ठी काढली. वार चांगला, योग उत्तम. मी मनात म्हटलं, माझं पडणंसुद्धा उत्तम योगावरच झालं असेल. पण वाद घातला नाही. यांनी कापसाच्या जिनिंग कारखान्यातल्या आपल्या कचेरीतून रजा मंजूर करून घेतली, हंगामात रजा मिळणं म्हणजे वाघाच्या तोंडातून घास, आणि तिकिटं आली.

निघायला पाच दिवस राहिले असताना एक गोष्ट घडली. हे दहा वर्षं गोदामाची किल्ली सांभाळत होते आणि कधी विसरले नव्हते. त्या दिवशी विसरले. ती न्यायला कारखान्यातून एक फिटर आला. यंत्रं दुरुस्त करायला हंगामापुरता आलेला, कोकणातला, वेंगुर्ल्याकडचा, काळासावळा, कानाला विडी अडकवलेली. मी किल्ली दिली, पाणी दिलं. पाणी पिता पिता त्याची नजर ओट्याला लावलेल्या फळीवर गेली आणि ही कशाला म्हणून त्यानं विचारलं. मी ऐटीत सगळं सांगितलं, भाच्याचं चित्रही दाखवलं. त्यानं चित्र उलटंपालटं करून पाहिलं.

“वहिनी, हे माप कुठल्या पाण्याला घेतलंय?”

मला प्रश्नच कळला नाही. पाण्याला म्हणजे? समुद्राच्या! तो हसला नाही, हे त्याचे उपकार. खाली बसून त्यानं मला नीट समजावलं की समुद्र दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो, आणि त्याबरोबर बोटही. भरतीला बोट धक्क्याच्या बरोबरीनं उभी असते, ओहोटीला दोन-तीन पुरुष उंचीनं खाली जाते. मग तो पूल म्हणजे विहिरीत उतरायची घसरण. भरती-ओहोटी हे शब्द मी शाळेत पाठ केले होते, गुणही मिळवले होते. पण तापी काही सकाळी चढून दुपारी उतरत नाही हो! आमच्या साऱ्या घरात, गल्लीत, सुतारआबांच्या डोक्यातसुद्धा एकदाही आलं नव्हतं की पाणी जागचं हलतं.

मग तो म्हणाला, घरात पंचांग आहे का? मला रागच आला. म्हटलं, आता हाही मुहूर्त काढतोय. पण त्यानं मुहूर्त काढला नाही. भाच्याच्या पत्रावरची तारीख काढून तिथी पाहिली, तर पौष पौर्णिमा. म्हणाला, बरोबर, पौर्णिमेला सव्वाअकरा-बारा म्हणजे भरलेलं पाणी. आमच्याकडे हिशोब सोपा आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. तुमची षष्ठी. सहा पाऊणे साडेचार. दुपारी साडेचारला पाणी भरणार, म्हणजे सकाळी दहाला तळाला गेलेलं. त्यानं बोट पंचांगावरून पुढं पुढं सरकवलं आणि थांबला.

“तेरा पाऊणे पावणेदहा. त्रयोदशीला जा. बोट स्वतः वर येईल तुमच्यापाशी.”

तो माणूस म्हणजे साक्षात देव होता वगैरे मी म्हणणार नाही. त्यानं आमच्या अंगणात विडीचं थोटूक टाकलं आणि जाताना ज्वारीच्या पापडांची, आमच्या बिबड्यांची, पुरचुंडी मागून नेली. पण तो गेल्यावर मी खुर्चीत तशीच बसून राहिले. तीन महिने मी सगळं मापलं होतं. फळी, चाकं, दार, पट्ट्या, यांची कंबरसुद्धा. एवढं मापूनही समुद्र मापायचा राहिला होता. यांनी किल्ली नेली असती तर मी त्या घसरणीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले असते आणि एक तर चौघांच्या हातांवर गेले असते किंवा घरी परतले असते. भिंतीवर मुक्ताईची तसबीर होती. रोज तिला हळदकुंकू वाहायचे ते सासूबाईंच्या शब्दाखातर. त्या दिवशी मी तिच्याकडे बघून एवढंच म्हटलं, बरं बाई, बोलते आता. आणि मग रडू आवरेना.

रजा बदलायची म्हणजे पुन्हा मॅनेजरसमोर उभं राहणं. हे आधीच भित्रे. दोनदा दारापर्यंत जाऊन परत आले म्हणे. शेवटी यांनी भरती-ओहोटीची सारी हकीकत सांगितली, पाऊणकीसकट, आणि त्या गृहस्थानं ती गोष्ट तीन जणांना बोलावून ऐकवली नि रजा दिली. तिकिटं भाच्यानं बदलून घेतली. अक्काला कळवलं तर तिनं उलट टपाली लिहिलं की पंचांग शेवटी पंचांगच.

त्रयोदशीला सकाळी नऊ वाजता आम्ही भाऊच्या धक्क्यावर पोचलो. मी मान उंचावून पाणी शोधत होते, कारण कागदावरचं गणित आणि खरं पाणी यांत फरक असला तर माझं घरचं तिकीट ठरलेलं होतं. गर्दीतून खुर्ची पुढं सरकली आणि मला बोट दिसली. धक्क्याला लागून, दार समोर, पूल सपाट. चढ हातभरही नव्हता. भाचा फळी टाकायला वाकला, हे मागून ढकलू लागले, आणि मी चाकांवरून गडगडत सरळ आत गेले. कुणी हात लावला नाही. कुणी वळूनही पाहिलं नाही. मला कुणी उचलू नये असा माझा हट्ट होता, तर देवानं माझ्यासाठी अख्खी बोट उचलून धरली होती, माणसांसकट आणि सामानासकट. मी डेकवर जाऊन बसले तरी माझे हात जोडलेलेच होते.

दिवसभर मी पाणी पाहिलं. दशम्या आणि तिळाची चटणी खाल्ली, यांना बोट लागली तर यांच्या नाकाशी लिंबू धरलं, आणि संध्याकाळी सूर्य बुडताना शेजारच्या अनोळखी बाईला सांगितलं की मी पहिल्यांदाच पाहतेय. ती म्हणाली, मग नीट पाहा. मी नीट पाहिलं. जन्माचं समाधान झालं.

आणि उजाडता उजाडता पणजी आली. हे उठले, खाली बघून आले, आणि यांचा चेहरा पडला. पाणी उतरलेलं होतं. धक्का वर आणि आम्ही खाली, आणि मधला पूल शिडीसारखा उभा. चढायचा विचार आम्ही तीन महिने केला होता. उतरायचा विचार कुणाच्या मनाला शिवलाच नव्हता. त्या फिटरनं मुंबईचं विचारलं तेवढं सांगितलं होतं, त्याचा काय दोष? हे घाईघाईनं पंचांग काढू लागले. पाऊणकी करून म्हणाले, दहाच्या पुढं पाणी भरेल, थांबतेस का? खलाशांना विनवतो, तोवर बसू देतील.

तेवढ्यात चार हमाल येऊन उभे राहिले. डोक्याला लाल फडकी, पाय ओले. त्यांनी काही विचारलं नाही. एकानं फक्त हातांनी खूण केली, नेऊ का, म्हणून, आणि माझ्या होकाराची वाट बघत थांबला. हे मला चांगले ओळखून आहेत, ते लगेच नको नको म्हणू लागले. मी त्या चार जोड्या हातांकडे पाहिलं. काल पाण्याच्या रूपानं जो आला होता, त्याला आज हातांच्या रूपानं यावंसं वाटलं तर त्याला मी दारातून परत पाठवणार होते का? त्यानं कुठल्या रूपात यावं हेही मीच ठरवायचं, तर मग शरण गेले ते कशाला?

मी यांना म्हटलं, “नको थांबायला. उचलू द्या.”

त्यांनी मला उचललं. मी डोळे मिटले नाहीत. वर जाताना त्या पुढच्या हमालाच्या मानेवरचा घाम मला दिसत होता आणि तो दर पावलाला मागच्यांना हळू, हळू, असं बजावत होता. धक्क्यावर त्यांनी मला इतकं अलगद टेकवलं की चाकांचा आवाजही झाला नाही. मी त्याचं नाव विचारलं. त्यानं सांगितलं, आणि मग माझं विचारलं. आठ वर्षांत मला उचलणाऱ्या कुणी माझं नाव विचारलं नव्हतं, आणि मीही कुणाचं विचारलं नव्हतं.