आधी उठायचं कुणी?

पिकलेल्या चीजचा उग्र वास आला की मला लंडनमधल्या हॅरोतली ती जुलैमधली दुपार आठवते. बाबा उन्हाळ्यापुरते साताऱ्याहून माझ्याकडे आले होते आणि शेजारच्या फ्रेंच आजींनी त्यांच्या राष्ट्रीय दिनाचं जेवण बागेत मांडून आम्हाला बोलावलं होतं. कांद्याचा टार्ट, लोण्यात परतलेले मश्रूम, थंडगार गुलाबी वाइन; बाबांनीसुद्धा ‘शेवटी द्राक्षंच ना,’ म्हणत दोन घोट घेतले. मजा आली, पण जेवण काही संपेना. चहाची वेळ टळली, लोखंडी खुर्चीत माझी पाठ धरली, दिवेलागणीची वेळ झाली; आणि इथलं ऊन असं चिवट, की अंधार पडला म्हणून निघायचीही सोय नाही. ‘बाबा, निघूया ना,’ मी पुटपुटले. त्यांनी डोळे वटारले. ‘पंगतीतून मधेच उठतात का? त्यांचं चाललंय अजून.’ आजी खरंच चीजचा कण कण चघळत बसल्या होत्या. मग त्याच माझ्या कानाशी वाकून इंग्रजीत म्हणाल्या, ‘तुझे वडील कधी उठणार गं? माझी कंबर गेली. पण पाहुण्यांत तेच मोठे, त्यांच्याआधी मी कशी उठू?’ मी ते बाबांना मराठीत सांगितलं. दोघं एकमेकांकडे बघत, गुडघे धरून एकदमच उठले. यंदाही आजींनी बोलावलंय. बाबा मात्र हिवाळ्यातच गेले. पंगत चालू असताना, कुणाचीही वाट न बघता उठले.