रेषेबाहेरचा नेव्हिल

आमच्या नेव्हिलला खुर्चीवर शांत बसलेला मी एकदाच पाहिला, लग्नाच्या दिवशी, आणि तोही पाय हलवत. जेवतानाही टेबलाखाली पाय चालूच. सगळ्या घरांतली सतरंजी त्याच्याच खुर्चीखाली विरली. आणि घरं तरी किती! दर दोन वर्षांनी नवा क्लब, नवं गाव, परत खोकी बांधा. मी नुसती वैतागून जायची.

तो मिडफिल्डर. मैदानाच्या मधोमध ऊर फुटेस्तोवर धावायचं, समोरच्याचा बॉल काढायचा, आणि आपल्यातल्या हुशार पोराच्या पायाशी नेऊन द्यायचा. टाळ्या त्या पोराला. कायम खालच्या डिव्हिजनमध्ये, चिखलात. पण कधी कुरकुर नाही.

क्रॅनशॉ टाउनला आलो तेव्हा त्याला पस्तिशी गाठत आली होती. करारात एक कलम होतं: सीझनमध्ये पंचवीस मॅचेस खेळला, मग त्यात मिनिटभर उतरला तरी चालेल, तर पुढचं वर्ष पक्कं. हिवाळा सरेपर्यंत चोवीस झाल्या आणि नेव्हिल बाकावर गेला तो गेलाच. चेअरमनला म्हातारा घोडा पोसायचा नव्हता. मॅनेजर म्हणायचा, "तुला जरा विश्रांती देतोय रे." विश्रांती! मेल्याची जीभ कशी झडली नाही?

मग दर शनिवारी तेच. बदली खेळाडू म्हणून रेषेबाहेर अंग गरम करत धावायचं, इकडून तिकडे, तिकडून इकडे. लोक ओरडायचे, "नेव्हिल, पुरे की आता, गवत झिजलं!" तो हसून हात हलवायचा आणि घरी येऊन रात्रभर येरझाऱ्या घालायचा.

"दुसरं काय येतं मला, ग्लेनिस?" एवढंच म्हणायचा. आमची रोझी तिसऱ्या शाळेत आत्ता कुठे रुळली होती. मला एकच हवं होतं. त्या माणसाची एक मॅच.

शेवटच्या मॅचला जिंकलो तरच क्लब लीगमध्ये टिकणार होता. दोन-एकने पुढे होतो, जीव मुठीत धरून. आमच्याकडून बॉल रेषेबाहेर गेला की त्यांचा एक लांब हातांचा गडी थ्रो-इन, हातांनी, थेट आमच्या गोलसमोर टाकायचा. आम्ही गोल खाल्ला तो तसाच. थोडाच वेळ उरला होता आणि आमचा हुशार पोरगा कर्टिस लंगडायला लागला. मॅनेजरने वर चेअरमनकडे पाहिलं. मग मान फिरवून म्हणाला, "नेव्हिल, काढ कोट."

अख्खा स्टँड उभा राहिला. मी रोझीचा हात इतका आवळला की ती किंचाळली. नेव्हिल रेषेवर उभा, बदलीची पाटी वर. आता बॉल बाहेर जायचा अवकाश. तोवर बदली खेळाडूला आत जाता येत नाही.

आणि बॉल काही केल्या बाहेर जाईना! शेवटी तो आमच्याच अर्ध्या मैदानात, नेव्हिलपासून चार पावलांवर, लेस्टरच्या पायाशी आला. लेस्टर आमचा बचावपटू, नेव्हिलचा जिगरी दोस्त. कलमाचं सगळ्या संघाला ठाऊक होतं. अंगावर दोघे धावून येत होते, तरी त्याने नेव्हिलकडे पाहिलं आणि बाहेर भिरकावायला पाय उचलला.

"मार, लेस्टर! मार बाहेर!" मी बेंबीच्या देठापासून ओरडले.

"नको!" नेव्हिल माझ्यावर कडी करून ओरडला. "थ्रो देऊ नकोस त्यांना! कर्टिसला दे, कर्टिसला!"

लेस्टरने दिला. कर्टिसने एका पायावर तो कसाबसा झाकून धरला, आणि शिट्टी वाजली.

गाव कुंपण ओलांडून आत धावलं. पोरं, म्हातारे, कुणाचं तरी कुत्रं, चकचकीत बुटांतला चेअरमनसुद्धा चिखलात नाचत होता. मी धक्के खात खाली आले. इतकी चिडले होते की डोळ्यांतून पाणी येत होतं.

"अरे गाढवा, एक लाथ! एक लाथ मारू द्यायची होतीस त्याला!"

"तिथून बाहेर मारायचा नसतो गं."

"मग आता तरी जा आत! सगळे गेलेत."

"रेफरीने कुठे बोलावलंय?" नेव्हिल म्हणाला, आणि रेषेबाहेर जागच्या जागी धावत राहिला.