दहा गजांची पट्टी

सिंधूचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि बांबूच्या अडसरापलीकडचा शिपाई म्हणत होता, "माताजी, ऊपर से ऑर्डर नहीं है."

दुपारचे बारा वाजून गेले होते. मागे नेपाळचा अडसर, पुढे आपल्या देशाचा, मधे दहा गजांची मोकळी पट्टी. तिथले लोक तिला दशगजा म्हणतात. ती पट्टी कुठल्याच देशाची नसते. तिथे कुणी घर बांधत नाही की पेरत नाही, शेळ्या तेवढ्या चरतात. त्या पट्टीत एका ठेल्यावर मी बसले होते आणि माझी थोरली जाऊ आडवी पडली होती. तिचा श्वास भात्यासारखा चालला होता. तोंडाला जास्त पिकलेल्या केळ्याचा वास येत होता.

ठेला ओढत आणणारी फुलमती, आम्ही राहत होतो त्या नेपाळी गावची शेतकरीण, दोन्हीकडच्या शिपायांना आळीपाळीने हात जोडत होती. नेपाळवाल्यांनी सोडलं, पण सांगितलं की गेलात की परत यायचं नाही. आपले आत घेत नव्हते. मी आधार कार्ड वर धरलं. बुलढाणा जिल्हा, महाराष्ट्र, असं ओरडून सांगितलं. तो शिपाई माणूस वाईट नव्हता. त्याने पाण्याची बाटली अडसराखालून सरकवली. समोरच्या औषधाच्या दुकानात माणूस पाठवला. दुकानदार म्हणाला, साखरेच्या आजाराचं इंजेक्शन संपलंय, आणि आता इंजेक्शनने भागायचं नाही, दवाखान्यात न्या. दवाखाना गावाच्या पलीकडे, गाडीने दहा मिनिटांवर. शिपायाने वर फोन लावला. पुन्हा लावला.

सिंधू एकदाच बोलली. "कुसुम, उन्हात काऊन बसवलं मले?"

फोनचं उत्तर आलं तेव्हा ती गेलेली होती.

ही हकीकत मी गावात एकदा सांगितली आहे. त्यात एक गोष्ट खोटी सांगितली. ती दुरुस्त करायची म्हणून हे लिहिते. जे गावातच राहिले त्यांच्यासाठी आणि जे माझ्यासारखे बाहेर पडले त्यांच्यासाठीही.

आमचं गाव देऊळगाव राजाच्या बाजूचं. इकडे शेताशेतात जाळीचे मांडव आहेत आणि त्यांच्यात भाजीपाल्याचं बियाणं तयार होतं. ते काम बायांच्या हाताचं. टोमॅटोची कळी उमलायच्या आधी चिमट्याने उघडायची, तिच्यातला नर काढून टाकायचा, दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या जातीचा पराग तिला लावायचा. मग देठाजवळच्या हिरव्या पाकळ्यांतल्या दोन कापायच्या. फळ पिकलं की त्या कापलेल्या पाकळ्यांवरून कळतं की हे आपल्या हातचं. ज्याच्या पाकळ्या साबूत, ते आपोआप धरलेलं. त्याला आम्ही सेल्फ म्हणतो. तसली चार फळं बियाण्यात मिसळली तर अख्खा माल नापास होतो, वर्षाची मेहनत मातीत.

सिंधू आणि मी एकाच मांडवात काम करायचो, पण घरी बोलायचो नाही. बोलायची मनाईच होती. माझा नवरा आणि भासरे, म्हणजे सिंधूचा नवरा, सख्खे भाऊ, पत्र्याचं पाणी कुणाच्या अंगणात पडावं यावरून भांडले आणि अंगणात मधोमध भिंत घातली. अकरा वर्षं एक अक्षर बोलले नाहीत. आम्ही जावा मांडवात शिरलो की बोलायचो, बाहेर पडलो की मुक्या.

एकदा मांडवात एक मॅडम आली. शेजारच्या सात-आठ देशांनी मिळून एक मंडळ केलंय, म्हणाली. व्यापार एकमेकांशी करायचा, विकास मिळून करायचा, ज्याला जे येतं ते त्याने शेजाऱ्याला शिकवायचं. नेपाळच्या सपाटीवर बियाण्याचं काम सुरू करायचंय, हाताने चोख अशा दोन बाया पाहिजेत. आमच्या दोघींच्या रोपांवर सेल्फ जवळजवळ सापडायचंच नाही, म्हणून आमची नावं निघाली.

सिंधू चिमटा न थांबवता म्हणाली, "आमच्या घरचे दोन भाऊ भिंतीपल्याड बोलत नाहीत, अन् हे आठ देश बोलाले निघाले! मॅडम, तुमच्या मंडळाले आमच्या अंगणात आणा एकदा."

मॅडम हसली. मीही हसले. आता हसू येत नाही.

निघायच्या दिवशी देऊळगाव राजाच्या स्टँडवर दोन्ही भाऊ आले होते, एक रसवंतीजवळ उभा, दुसरा चौकशीच्या खिडकीजवळ. जालन्याची गाडी लागली. माझा नवरा खिडकीशी येऊन हळूच म्हणाला, "जा. पण तिच्याशी जास्त बोलू नको."

दोन दिवस दोन रात्रींचा प्रवास, अनोळखी देश, बरोबर ती एकटी. तिच्याशी बोलू नको, तर काय सीटशी बोलू? गाडी गावाबाहेर पडली आणि सिंधूने विचारलं, "काय म्हणला तुझा?" मी सांगितलं. ती म्हणाली, "माझाबी तेच म्हणला. भाऊ शोभतात."

तिथे आम्हाला फुलमतीच्या आवारात एक खोली मिळाली. एक खोली, एक चूल. अकरा वर्षांनी आम्ही एका तव्यावर भाकरी टाकली. तिथे गेल्यावर मी तिला अहोजाहो करणं सोडलं. गावात कुणी ऐकून घेतलं नसतं. तिला साखरेचा आजार होता, रोज इंजेक्शन घ्यायची. फ्रिज नव्हता म्हणून औषधाची बाटली बाजेखाली पाण्याच्या मडक्यात लटकवून ठेवायचो. बाटली संपत आली की सीमा ओलांडून आपल्याकडच्या बाजारातून दुसरी आणायची, येताना ज्वारीचं पीठ मिळालं तर तेही. अर्ध्या तासाची वाट. कुणी अडवायचं नाही. तिथली माणसं, गुरं, सायकली दिवसभर इकडून तिकडे जात. पहिल्या दिवशी मी विचारलं की देश कुठून बदलला, तर फुलमतीने गवतातला एक पांढरा खांब दाखवला.

पहिल्या हंगामाला मोठा कापडी फलक लागला. आठ झेंडे छापलेले. आमच्या गळ्यात हार. दुसऱ्या वर्षी फलक आला नाही. त्या मंडळातल्या दोन मोठ्या देशांचं वाजलं, बैठक होईना, असं कळलं. मॅडमचा फोन लागेना. कार्यालयाला कुलूप. सिंधू म्हणाली, "लागलं यांचंबी पत्र्याचं पाणी."

आम्ही तेव्हाच परत यायला हवं होतं. पण तिथल्या बाया काम शिकत होत्या, बियाणं घेणारा व्यापारी मिळाला होता, आणि खरं कारण असं की आम्हाला परत त्या भिंतीच्या दोन बाजूंना जायचं नव्हतं. वर्षातून एकदा गावाकडे जायचो, पंधरा दिवस मुक्या राहायचो आणि परत निघायचो. फुलमती आम्हाला दिदी म्हणायची. आम्हीही 'हुन्छ' म्हणायला शिकलो, म्हणजे बरं, ठीक. गावी आले की माझ्या तोंडून निघायचं आणि नवरा डोळे वटारायचा.

अशी पाच वर्षं गेली. मग तो आजार आला जगभर.

आमची फळं पिकायला लागली होती. टोपल्या भरत होत्या. फुलमतीने मोबाईल आणून दाखवला. त्या सगळ्या देशांचे पुढारी पडद्यावर, एकेका चौकोनात एकेक. किती वर्षांनी एकत्र बोलत होते. हात जोडत होते, मिळून लढू म्हणत होते. दोन-चार दिवसांनी बाजारात कुजबुज सुरू झाली की सीमा बंद होणार. फुलमती म्हणाली, "दिदी, तुम्ही आजच निघा."

सिंधूने पिशवी भरली. मडक्यातली बाटली काढून ओल्या फडक्यात गुंडाळली. तिच्याकडे ती एकच बाटली होती, अर्धी.

मी म्हटलं, "थांब."

हीच ती गोष्ट. गावात मी सांगितलं की सिंधू थांबली, तिचा जीव बियाण्यात अडकला. भासऱ्यांनाही हेच सांगितलं, आणि त्यांनी सगळ्यांना सांगितलं की लोभाने मेली. ते खोटं आहे. थांबवलं मी.

मी तिला म्हटलं, "आठ दिवसांची फळं राहिलीत. आपण गेलो तर ह्या बाया घाईत सेल्फ तोडून टाकतील टोपलीत, सारा माल जाईल."

ती म्हणाली, "अन् रस्ता बंद झाला तर?"

मी म्हटलं, "इतके मोठे लोक एका पडद्यावर येऊन बोलून राह्यले. ते काय रस्ता बंद करतील? अन् केला तरी आपल्याले आपल्या घरी जाऊ देणार नाहीत का?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मग बाटली परत मडक्यात सोडली. "हुन्छ," म्हणाली.

माझी माय म्हणायची, शेजारणीच्या चुलीच्या भरवशावर कणीक भिजवू नये. मी अकरा वर्षं घरात भिंत पाहिली होती. दोन सख्खे भाऊ काय करतात ते पाहिलं होतं. तरी मोबाईलमधल्या जोडलेल्या हातांवर विश्वास ठेवला. चौथी शिकलेल्या बाईने एवढं शहाणपण करायला नको होतं.

तिसऱ्या दिवशी सीमा बंद झाली. आम्ही फळं निवडतच होतो. एकेक फळ उलटं करून देठ बघायचं, कापलेलं इकडे, साबूत तिकडे. शेवटची टोपली झाली तेव्हा चुकीचं एकही फळ आत गेलं नव्हतं, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. बी काढलं, धुतलं, सावलीत वाळवलं, कापडी पिशव्यांत भरलं.

मडक्यातली बाटली पुरवायची म्हणून मी इंजेक्शन अर्धं केलं. मग त्याच्याही निम्मं. त्यांच्याकडच्या दुकानांतही मिळेना, गाड्याच बंद होत्या. फुलमती सायकलने तीन गावं फिरून रिकामी आली. तांदळाशिवाय खायला काही नव्हतं, आणि भात तिला वैरी. मी तिला पाण्यात कालवलेलं बेसन द्यायची. एका सकाळी बाटली कोरडी झाली. त्यानंतर पाच दिवस. चौथ्या दिवशी उलट्या लागल्या, पाचव्या दिवशी ती मला ओळखून न ओळखल्यासारखी करायला लागली. फुलमतीने ठेला काढला.

पुढचं वर सांगितलं आहे.

मेल्यावरही तिला आपल्याकडे आत नेऊ देईनात. फुलमतीच्या गावकऱ्यांनी नेपाळच्या शिपायांना विनवून आम्हाला परत नेलं. संध्याकाळी नदीकाठी जाळलं. पुरुष कुणी आमचा नव्हता. अग्नी मी दिला. फोनवरून भासऱ्यांना कळवलं. दहाव्याला माझा नवरा भिंतीपलीकडे गेला नाही. तिकडून बोलावणं नव्हतं, म्हणाला. ती त्याची वहिनी. ती लग्न होऊन घरात आली त्या पहिल्या दिवाळीला आईच्या जागी तिने त्याला न्हाऊ घातलं होतं.

कित्येक महिन्यांनी वाट उघडली. तोवर पावसाळ्याची दमट हवा बियाण्याला लागली होती. व्यापाऱ्याने नमुना उगवून पाहिला आणि माल नाकारला. ज्याच्यासाठी मी तिला थांबवलं ते बियाणं फुलमतीने कोंबड्यांना टाकलं. मी म्हटलं, टाक.

परत येताना वाटलं होतं की आता तरी भिंत पडली असेल. गावात शिरले, अंगणात गेले. भिंतीला दोन्ही बाजूंनी गिलावा झाला होता. ह्या बाजूला निळा रंग, त्या बाजूला पिवळा.

मी तिथे आठ दिवस राहिले. नवव्या दिवशी देऊळगाव राजात खोली घेतली. सकाळी पोरींना क्रॉसिंग, म्हणजे पराग लावायचं काम, शिकवायला मांडवांत जाते. नवरा मधूनमधून येतो. "चाल घरी, लोक हसून राह्यले," म्हणतो. मी सांगते, भिंत पाड, त्याच दिवशी येते. तो चहा पिऊन जातो.

भासऱ्यांना मी खरं सांगितलं. ह्या महिन्यात, त्यांच्या दारात उभी राहून. ते म्हणाले, "आता सांगून काय होते?" आणि दार लावून घेतलं. बरोबर आहे त्यांचं. पण ती लोभाने मेली असं आता कुणी म्हणू नये. ती माझ्या म्हणण्याने थांबली.

तुम्ही जे गावातच राहिलात, तुम्हाला वाटतं बाहेर गेलेल्यांना घर विसरायला होतं. मला कुणी घर म्हटलं की अंगण आठवत नाही. बाजेखालचं मडकं आठवतं, आणि त्यात लटकणारी बाटली. जे बाहेर गेलात, त्यांना एवढंच सांगते: रस्ता उघडा असेल तेव्हा निघा. फळं मागे राहिली तर राहू द्या.

ऐकते की त्या मंडळाची मोठी बैठक अजून झालेली नाही.

सिंधूच्या मृत्यूचा दाखला मिळालेला नाही. नेपाळकडचे म्हणाले, आमच्या हद्दीत मेली नाही. आपल्याकडचे म्हणाले, आमच्या हद्दीत आलीच नाही. त्यामुळे रेशन कार्डावर तिचं नाव आहे, मतदार यादीत आहे, दर महिन्याला तिच्या वाट्याचं धान्य येतं. आम्ही दोघी गेलो होतो आणि कागदावर दोघीही जिवंत आहोत. सिंधू त्या दहा गजांच्या पट्टीत मेली. जगले ती मी.