भूतबंगल्याच्या दगडावरचा गुण्या

हिंगोलीकरांनो, आज जे घडलं ते लिहिते.

आज दुपारी भूतबंगल्यासमोर गर्दी दिसली. निजामाच्या काळात इथं छावणी होती, तेव्हा फ्रीमेसन नावाच्या गुप्त मंडळाचे इंग्रज साहेब या बंगल्यात दार लावून सभा घेत. आत काय चालतं ते कुणाला कळेना, म्हणून लोकांनी भुताचं नाव ठेवलं.

दारावरच्या दगडात कोरलेली खूण जादूटोण्याची आहे, असं कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं होतं. आमच्या शेजारचे काका घण घेऊन शिडीवर चढले होते.

"काका, ती खूण फोडू नका."

"काहून? तुला काय ठाव यातलं?"

"तो गुण्या आहे, भिंतीचा कोपरा बराबर आहे का ते बघायचा. गवंड्यांची हत्यारं या मंडळानं खूण म्हणून घेतली. माझे बाबा गवंडी होते. दसऱ्याला आमी गुण्यालाच हळदकुंकू वाहतो. तुमचं घरही त्यांनी त्याच गुण्यानं बांधलं."

काका घण घेऊन खाली उतरले. पण गर्दीतून आवाज आला, "उद्या जेसीबी आणू."

उद्या सकाळी मी बाबांचा गुण्या घेऊन त्या दारात बसणार आहे. ज्यांची घरं बाबांनी बांधली, त्यांच्यापैकी कोण येणार?