एकोणीस दिवस एकच भाव

कच्चं तेल पिंपामागे दोन डॉलरनं का चढलं, हे सोनल घरत चहाला उकळी येईपर्यंत सांगू शकायची. श्रीवर्धनला घरी बसून ती मुंबईच्या एका वृत्तसंस्थेसाठी तेल-वायूच्या बाजारावर लिही. आळीतल्या बायका विचारत, "मग सिलिंडर कधी उतरवतेस, गो?"

सुपारीच्या गावात राहते म्हणून संस्थेतल्या साहेबांनी सुपारीचा भावही तिच्याच गळ्यात मारला होता. रोज अकराला ती म्हसळ्याचे सुपारीचे व्यापारी हर्षदभाई यांना फोन करी. ते सांगतील तो भाव दुपारच्या पत्रकात जाई.

एका सोमवारी साहेबांचाच फोन आला. "एकोणीस दिवस किलोला चारशे ऐंशी? विचारतेस तरी का कोणाला? या आठवड्यात तुला नोकरीत कायम करायचं की नाही, ते ठरतंय."

सोनलनं म्हसळ्याची एसटी पकडली.

"भाई, मला भाव कुठून बघून सांगता?"

"कुठून म्हणजे? तमारा पत्रकातून, बेन! मुंबईहून रोज मोबाइलवर येतं."

"अहो, पत्रकात तुमचाच भाव असतो!"

हर्षदभाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. सोनल तीच होती.

सुपारीचं पोतं घेऊन आलेल्या आवडाबाई कोपऱ्यातून कडाडल्या, "म्हंजे मोबाइलातली ती तूच व्हय? आधी सुपारी कातरून, आतली पांढरी बघून भाव व्हायचा. आता हा मोबाइलावर बोट दाखवतो नि गप बसवतो. हर्षदा, अडकित्ता हाय का इकून खाल्लास?"

अडकित्ता सापडला, गंजलेला. सुपारी कातरली, आत पांढरी, भरीव.

"चारशे पंच्याऐंशी," हर्षदभाई म्हणाले.

आवडाबाईंनी पोतं ओढत दारात नेलं आणि त्यावर मांडी ठोकली. दोन गिऱ्हाइकं उंबऱ्यावरून परत गेली. तिसरं दिसताच हर्षदभाई ओरडले, "पाचशे! पण आधी उठ, माझी आई!"

सोनलनं साहेबांना मेसेज करून झालेला घोळ सगळा सांगितला आणि नवा भाव कळवला: पाचशे.

"एकदम वीस रुपये? कारण?"

तेलाच्या बातमीत असतं तसंच तिनं लिहिलं: आवक मर्यादित, विक्रेते ठाम.

"विक्रेते किती?"

"एक. पण दारात बसलेली."

मग साहेबांनी लिहिलं, "शुक्रवारी कायम केल्याचं पत्र पाठवतो. पण उद्यापासून विक्रेते निदान तीन हवेत."

सोनलनं आवडाबाईंना विचारलं, "तुमच्या ओळखीच्या अशा अजून दोघी आहेत का?"

"अशा?" आवडाबाई पैसे कनवटीला लावत म्हणाल्या. "आख्खी वाडी हाय."